लिही गं, खांदा साडेचौदा

१

आमच्या दुकानात दोघी जणी काम करायच्या. मी बोलायची, माझी लेक लिहायची. लोकांना वाटतं शिवणकाम म्हणजे सुईदोऱ्याचं काम. हात् तिच्या! ते मापाचं काम आहे. आणि माप घेताना शिंपिणीचे दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती असतात. मग लिहायचं कशाने, पायाने? म्हणून लेक सात वर्षांची असल्यापासून दाराशी तीन पायांच्या स्टुलावर लांबोडकी वही घेऊन बसायची. मी म्हणायची, "लिही गं, छाती छत्तीस." ती म्हणायची, "हं." असं आमचं सतरा वर्षं चाललं. लहानपणी ती हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिचे बाबा गेल्यावर आम्ही दोघीच, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

मग मुंगीला नोकरी लागली. बसने चौदा तासांवरच्या शहरात, पिण्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. तिने एकदा तारीख वाढवून घेतली होती. आता येत्या सोमवारी हजर झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

तिकडे थंडी फार. म्हणून मी म्हटलं, तुला मस्त लोकरीचा कोट शिवून देते, मग जा. शिंपिणीची लेक विकतचा कोट घालून गेली तर चार लोकांत माझं नाक कापलं जाईल. हे बोलून तीन आठवडे झाले होते. कोट काही होत नव्हता. कधी कॉलर उसवायची, कधी अस्तर ओढ खायचं. माझ्यासारख्या बाईला एक कोट तीन आठवडे पुरतो का, हे विचारायचं मुंगीला सुचलं नाही. बिचारी सरळ मनाची.

२

मुदत संपायला दहा दिवस होते, तेव्हा एका सकाळी ती शेजारच्या घड्याळकाकांकडून एक यंत्र घेऊन आली. घड्याळकाका म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे घड्याळ दुरुस्त करणारे. डोळ्याला कायम ते छोटं भिंग लावलेलं, त्यामुळे त्यांनी माझा चेहरा पुरता कधी पाहिलाय की नाही, मला शंकाच आहे.

"हे काय?" मी विचारलं.

"टेप," मुंगी म्हणाली.

"टेप आहे की माझ्याकडे. ही काय गळ्यात."

"ती टेप नाही गं आई, हा टेप! तू बोललीस की हा आपोआप चालू होतो, गप्प बसलीस की आपोआप बंद."

"म्हणजे बंद कधीच होणार नाही," घड्याळकाका दारातून म्हणाले. फार बोलत नाहीत, पण बोलले की असं.

तर हा टेप. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. चामडी पिशवी, गळ्यात अडकवायला पट्टा, चार पेन्सिल सेल. पोटात कॅसेट. वर चालू झाला की लागणारा एक लाल दिवा आणि बाजूला एक ते दहा आकड्यांची चकती. काकांनी समजावलं की चकती दहावर ठेवली की त्याला मुंगीच्या पावलांचाही आवाज ऐकू येतो, एकवर ठेवली की ढोल वाजवला तरी ढिम्म. आवाज थांबला की तीन सेकंद वाट बघतो आणि झोपतो. त्यामुळे दिवसभराचं बोलणं एकाला एक चिकटून मिळतं, मधली शांतता गायब.

पहिल्या दिवशी मी चकती आठवर ठेवली. संध्याकाळी ऐकलं तर तासभर माझं शिवणयंत्र खडखडतंय. दुसऱ्या वेळी सहावर ठेवली, तर बँकेतल्या बाई आणि त्यांच्या सासूबाई यांचं साग्रसंगीत भांडण आलं. शेवटी चारवर गाडी रुळावर आली. चारवर त्याला फक्त माझा आवाज ऐकू यायचा, कारण टेप माझ्याच छातीवर लोंबत असायचा. गिऱ्हाईक बोलायचं ते त्यात येत नसे. मी एकटीच विचारतेय, एकटीच हसतेय, एकटीच "अय्या, खरंच?" म्हणतेय. ऐकून मुंगीची हसून पुरेवाट.

एक खोड मात्र होती. झोपलेला टेप जागा व्हायला क्षणभर घ्यायचा आणि तेवढ्यात पहिलं अक्षर गिळायचा. मी म्हणायची "बत्तीस", तो ऐकवायचा "त्तीस". मी म्हणायची "छत्तीस", तरी "त्तीस". आता बत्तीस की छत्तीस, हे कुणी सांगावं? मी छत्तीस धरून बँकेतल्या बाईंचा स्कर्ट कापला. त्यांनी घातला आणि तो सरळ खाली आला! बाई चिडल्या, सासूबाई मात्र पहिल्यांदाच खूश झाल्या.

"आधी त्याला जागं करा," घड्याळकाका म्हणाले. "काहीतरी बोला, मग आकडा सांगा."

काहीतरी म्हणजे काय? माझ्या तोंडात सतरा वर्षं बसलेलं तेच आलं. "लिही गं, कंबर बत्तीस." टेपने "ही गं, कंबर बत्तीस" असं स्वच्छ ऐकवलं. मुंगी म्हणाली, "बघ, माझी जागा भरली." तिने हे हसतच म्हटलं, मी मात्र टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

३

चार वाजता दुकानात कुणी नसतं. तेव्हा चहा घेऊन आम्ही दिवसाची मापं ऐकायचो. मी ऐकवायची, मुंगी वहीत उतरवायची.

बुधवारी तीन गिऱ्हाइकं झाली होती. दवाखान्यातल्या नर्सबाई, गाणं शिकवणाऱ्या बाई आणि ग्रंथालयातली उंच मुलगी. तिघींची मापं उतरली. मी बटण बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात टेपमध्ये माझाच आवाज पुन्हा सुरू झाला.

"ये गं, ये. अशी दारात काय उभी? ... अय्या, खरंच? ... अगं, तो स्कर्ट तर सरळ खाली आला!" मग मी हसले. पोट धरून हसावं तशी. "हात वर कर. लिही गं, छाती अडतीस. लिही गं, कंबर पस्तीस. पाठ कर इकडे. लिही गं, खांदा साडेचौदा. डावी बाही बावीस, उजवी साडेबावीस. ... गुदगुल्या होतात? एवढी घोडी झालीस तरी?"

आणि संपलं.

"ही कोण गं?" मुंगीने विचारलं.

मला आठवेना. बरं, मी विसरणारी बाई नाही. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या बाहीला किती चुण्या घातल्या तेही मी सांगेन. आणि दुसरं म्हणजे मी गिऱ्हाइकाला कधी एकेरी बोलत नाही. शाळेतल्या मुलीलाही "हात वर करा" म्हणते, तो माझा धंद्याचा शिरस्ता आहे. ही कोण एवढी लाडकी, जिला मी घोडी म्हणाले?

"जुनी कॅसेट असेल," मुंगी म्हणाली. "आधीचं पुसलं नसेल नीट."

"आणि स्कर्ट? स्कर्ट तर कालच पडला!"

"मग तू विसरलीस. होतं असं, आई."

होतं असं. मी चहा संपवला, कप विसळले, यंत्राला तेल घातलं. पण खरं सांगू? मला भीती वाटली नाही, हेवा वाटला. मी इतकी खुशीत कुणाशी बोलले आणि मलाच त्याचा पत्ता नाही, म्हणजे काय!

४

गुरुवारी मी पक्का बंदोबस्त केला. प्रत्येक गिऱ्हाईक आलं की कापायच्या टेबलावर खडूची एक रेघ. चार वाजता पाच रेघा होत्या. मुंगीने मोजल्या, मी मोजल्या. मग टेप लावला.

पाच जणींची मापं झाली. आणि नंतर माझा आवाज, कालच्यासारखाच, चांगला रंगात आलेला.

"आलीस? बस. ... कोट? अगं, कोट केव्हाच झालाय! ... नाही, तिला नाही सांगितलं. ... रोज थोडी शिवण उसवते आणि रोज तीच घालते. ... हो, मुद्दाम!" मग हसू. "सोमवार उलटला की जागा जाईल दुसरीला. मग कुठे जातेय ती?"

मी बटण दाबलं. पलीकडे काकांचं मागे पडलेलं एक घड्याळ चारचे ठोके देत होतं, तेवढाच आवाज.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी माझी गत. हे मी कुणालाही बोललेले नव्हते. देवाशपथ सांगते, मी स्वतःशीसुद्धा इतक्या उघडपणे बोललेले नव्हते.

"मुंगे, हे मी बोलले नाही."

"आवाज तुझाच आहे."

"असेल. पण मी बोलले नाही!"

"बरं. बोलली नाहीस," मुंगी म्हणाली. "पण खरं आहे का?"

आता काय सांगणार? पोटच्या पोरीपुढे ताकास तूर लागू न देता तीन आठवडे काढले होते, आणि साबणाच्या वडीएवढ्या यंत्राने मला उघडं पाडलं. "खरं आहे," मी म्हटलं.

मला वाटलं, आता आदळआपट होईल. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. "आई, तू ना! मला वाटलं तुझे हात थकले. मी तीन आठवडे काळजीत होते की आईला आता शिवणं जमत नाही, आणि मी हिला सोडून चाललेय."

"माझे हात थकतील? वेडी का काय!"

"मग दे ना कोट. मला जायचंय गं. खरंच जायचंय."

तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की माझ्यातली सगळी कारणं गळून पडली. "उद्या दुपारपर्यंत तयार असेल," मी म्हटलं. "शनिवारच्या सहाच्या गाडीने जायचं. बस्स."

५

शुक्रवारी कोट झाला. गडद निळा, आतून तांबडं अस्तर, कॉलर अशी बसली की मी स्वतःचीच पाठ थोपटली असती. मुंगीने घालून एक गिरकी घेतली. "आता तुला काय देऊ?" म्हणाली. "थांब, तिकडे लोकर चांगली मिळते, तुझ्यासाठी स्वेटर विणते. ये, आज मी तुझं माप घेते."

तिने माझ्या गळ्यातली टेप काढली, मी हात वर केले. छाती अडतीस. कंबर पस्तीस.

"पाठ कर इकडे," मुंगी म्हणाली. मला गुदगुल्या व्हायला लागल्या, त्या मला लहानपणापासूनच होतात. "आई, खांदा साडेचौदा." मग तिने बाह्या मोजल्या. माझा डावा हात मी दहा वर्षांची असताना झाडावरून पडून मोडला होता. तो अर्धा इंच आखूडच राहिला.

मुंगीने वही उघडली आणि बुधवारच्या पानावर बोट ठेवलं. मग जी हसत सुटली! "अगं वेडे, ती बाई म्हणजे तूच! तू तुझंच माप घेतलंस, एकटीच बडबडत, आणि विसरलीस!"

मीही हसले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणजे मी एकटीच बोलते, स्वतःलाच घोडी म्हणते, स्वतःलाच गुपितं सांगते. लेक जाणार म्हणून डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच. तेवढं चालतं.

संध्याकाळी टेबलावरचे कपटे झाडताना माझा हात मध्येच थांबला. माणसाला स्वतःची छाती मोजता येते, कंबर मोजता येते. पण एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाठीवरून टेप धरून, खांदा मोजता येत नाही. मी करून पाहिलं. आरशापुढे उभी राहून दहा वेळा केलं. टेप निसटते, नाहीतर वाकडी जाते. जगातल्या कोणत्याही शिंप्याला विचारा, स्वतःचा खांदा स्वतःला घेता येत नाही. पाठीमागे कुणीतरी लागतंच.

मुंगीला मी हे सांगितलं तेव्हा ती बॅग भरत होती. तिने नीट ऐकून घेतलं. तिचा स्वभाव प्रयोगशाळेतला. म्हणाली, "तपासून बघू. उद्या पहाटे आपण दोघी बसस्टँडवर जाऊ तेव्हा टेप दुकानातच ठेव. चकती दहावर. कुलूप लाव. काकांच्या घड्याळांचे ठोके सोडले तर त्यात काही यायला नको. परत आल्यावर ऐक, तुझं डोकं शांत होईल, आणि मी तिकडे निवांत राहीन."

६

स्टँडवर मजा आली. हो, मजाच म्हणायची. थंडी होती, उजाडत होतं आणि मुंगी त्या निळ्या कोटात अशी दिसत होती की तिकीट देणाऱ्या बाईने खिडकीतून विचारलं, "कोट कुठे शिवला?" मी पत्ता दिला! मुंगी म्हणाली, "आई, निदान आज तरी धंदा नको."

गाडी सहाला सुटली. तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "उद्या सकाळी दहाला फोन करते!" मी हात हलवला. गाडी वळली तेव्हा मला जोरात रडू आलं आणि तितकंच बरंही वाटलं. मी तिला जाऊ दिलं होतं. आयुष्यात एक तरी शिवण मी वेळेवर घातली, असं काहीतरी मनात आलं. मग मी एका दुकानात गरम चहा घेतला आणि सात वाजून गेल्यावर सावकाश घरी आले, घर म्हणजे दुकानाच्याच मागची खोली.

७

कुलूप जागेवर होतं. टेप टेबलावर, जिथे ठेवला तिथेच. दिवा बंद. फीत किती फिरली ते दाखवणारा आकडा मात्र शून्यावरून पंचेचाळीसवर गेला होता. मी म्हटलं, घड्याळांचे ठोके. काकांकडे सव्वीस भिंतीवरची घड्याळं आहेत, ती कधी एकदम वाजत नाहीत. मी फीत मागे घेतली आणि चालू केली.

ठोके होतेच. सहाचे. ते सगळे वाजून संपले, आणि लगेच माझा आवाज.

"गेली? ... गेली. सहाच्या गाडीने."

त्या वेळी मी स्टँडवर हात हलवत होते.

"रडू नकोस गं, मी आहे ना," माझा आवाज म्हणाला. अगदी मायेने. मग कापडाची सळसळ झाली, नवा कपडा अंगात चढवताना होते तशी. "बघ बरं, कसं बसलंय? ... खांद्यात तर जसं काही माझ्यासाठीच बेतलंय. डावा हात थोडा आखूड लागतोय. होईल सवय." मग हसू. "चल, आता तू त्या स्टुलावर बस. वही घे. हं. लिही गं."

मग सातचे ठोके. मग काही नाही.

८

आधी मी स्वतःला चांगलं दरडावलं. म्हटलं, शहाणी बाई आहेस ना? मग शहाण्यासारखी वाग. यंत्र आहे, बिघडलं असेल. मी टेप हातात घेतला, चकती दहावरच होती. तोंडाजवळ धरून म्हटलं, "हॅलो."

दिवा लागला नाही.

"लिही गं." नाही. "अगं ए!" नाही. मी गाणं म्हटलं, शिव्या दिल्या, एवढ्या मोठ्याने ओरडले की माझेच कान दुखले. लाल दिवा ढिम्म. कात्री टेबलावरून खाली पडली, तर लगेच लागला. शिवणयंत्राचं चाक फिरवलं, लागला. टिचकी वाजवली, तरी लागला. बोलले की नाही.

रडून घसा बसला असेल, मी म्हटलं. दहा वाजता घड्याळकाकांचं दुकान उघडलं तेव्हा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "काका, माझा आवाज बसलाय का हो?"

काका भिंगातून घड्याळाच्या पोटात बघत होते. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. मग ते मान वर न करता छान हसले. "हो हो, ठेवा तिथे. तुमच्यासाठी आजच बघतो."

मी काहीच दिलेलं नव्हतं. माझ्या हातात काही नव्हतंच. मी मागे वळून पाहिलं, तर दारात ऊन पडलं होतं फक्त.

रविवारी बरोबर दहाला फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"आई! पोहोचले गं!"

"पोहोचलीस? जेवलीस का? खोली कशी आहे?"

"हो, हो! कोट सगळ्यांना आवडला." मग ती थांबली. ऐकत असल्यासारखी. मी गप्पच होते. मग ती खळखळून हसली. "काहीतरीच काय! नाही गं, तसा कुणी नाही इथे!"

टेबलावर टेपचा लाल दिवा लागला होता. आतली चाकं फिरत होती. दुकानात कुणीही बोलत नव्हतं.

"मुंगे, ती मी नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?" मुंगीचा आवाज बदलला. "छातीत दुखतंय? कधीपासून? ... आणि तू मला स्टँडवर एका शब्दाने बोलली नाहीस? ... आई, रडू नकोस ना."

मी रडत नव्हते. मी ओरडत होते. येऊ नकोस, उद्या सोमवार आहे, कामावर जा, फोन ठेव, येऊ नकोस! दोन्ही हातांनी फोन धरून ओरडत होते. दिवा मला लागत नव्हता. तो आपला मध्येच लागायचा, मध्येच विझायचा, चांगल्या गप्पा चालाव्यात तसा.

"नोकरीचं काय घेऊन बसलीस?" मुंगी म्हणाली. "मला तू जास्त आहेस. संध्याकाळच्या गाडीने निघते. सकाळी आठपर्यंत येईन. हो गं बाई, कळलं. लवकर येते."

९

मग मी दाराच्या काचेवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "परत जा." सकाळी पाहिलं तर काच लख्ख पुसलेली. बोलणं तर कुणाला पोहोचत नाही. वहीत लिहिलेलं तेवढं राहतं, म्हणून स्टुलावर बसून हे लिहितेय. दुसरं करणार तरी काय?

सोमवारी सव्वाआठला दार वाजलं. मुंगी आत आली. कोटाच्या गुंड्या उघड्या, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बॅग तिने सरळ माझ्या स्टुलावर आपटली. मी चपळाईने उठले म्हणून बरं!

ती माझ्या अंगावरून पुढे गेली आणि कापायच्या टेबलापाशी कुणाच्या तरी गळ्यात पडली. ज्या बाईच्या गळ्यात ती पडली, तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. मला फक्त तिची पाठ दिसली. रुंद, जरा वाकलेली, डावा हात किंचित आखूड. मुंगीच्या केसांवरून तो हात फिरत होता. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, तरी मी ती ओळखली. साडेचौदा.

"गेली ना नोकरी?" माझा आवाज म्हणाला.

"गेली," मुंगी म्हणाली, आणि हुंदके देत देत हसायला लागली. "जाऊ दे. मी आता कुठे जात नाही, आई."

मी तिला जाऊ दिलं होतं. माझ्या हातून झालेली ती एकच मोठी गोष्ट होती, आणि ती दोनच दिवस टिकली. मला ओरडायला हवं होतं, टेबल उलथून टाकायला हवं होतं, कात्री फेकायला हवी होती. कात्रीचा आवाज तरी पोचला असता. कात्री माझ्या हाताशीच होती.

पण लेक घरात आली होती. तिच्या अंगाला बसचा वास होता, आणि ती हसत होती. खोटं कशाला लिहू? माझा जीव थंड झाला. मी कात्री तशीच राहू दिली.